भुरी आज आलेली नसते

ढोबळी मिरचीच्या पानाखाली पांढरी भुकटी दिसली, की पॉलिहाऊसमधला शेतकरी म्हणतो, "आज भुरी आली." हे वाक्य मला दर वेळी दुरुस्त करावंसं वाटतं. भुरी आज आलेली नसते. ती दोन-तीन आठवड्यांपूर्वीच येऊन पानात राहिलेली असते. आज ती फक्त बाहेर डोकावली.

श्रोतेहो, पिकांच्या रोगांचं निदान करणं हा माझा व्यवसाय. त्या निमित्तानं पुणे, नाशिक, सातारा या भागांतल्या पॉलिहाऊसमधून मी बरीच वर्षं हिंडतो आहे. कोणत्या रोगावर कोणतं औषध, हे आज मी सांगणार नाही. ते सांगणारे गावोगाव आहेत. रोग झाड शिरल्यापासून तो आपल्या डोळ्यांना दिसेपर्यंत मधे जो काळ जातो, त्याच्याविषयी मला बोलायचं आहे. पीक वाचतं किंवा जातं ते बहुधा याच काळात.

शहरातल्या श्रोत्यांसाठी आधी थोडं पॉलिहाऊसविषयी. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर दुधी रंगाचं प्लॅस्टिक, बाजूला जाळी, आत लाल मातीचे गादीवाफे आणि ठिबकच्या नळ्या. बाजारात ज्या लाल-पिवळ्या ढोबळी मिरच्या दिसतात, त्या बहुतेक अशाच घरातल्या. दहा गुंठ्यांत, म्हणजे साधारण हजार चौरस मीटरमध्ये, अडीच हजारांच्या आसपास झाडं बसतात. २०१४ सालच्या केंद्र सरकारच्या निकषांत या आकाराच्या साध्या, नैसर्गिक हवेशीर पॉलिहाऊसचा खर्च चौरस मीटरला ९३५ रुपये धरला होता. म्हणजे नुसत्या सांगाड्याचेच साडेनऊ लाखांच्या घरात. रोपं, माती, खतं, मजुरी वेगळी. निम्मं अनुदान मिळालं, तरी उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज असतंच.

आणि या घरात मिरचीला जे मानवतं, तेच बुरशीलाही मानवतं. ऊब आहे, दमट हवा आहे, वारा बेताचा आहे, पाऊस पान धुऊन काढत नाही आणि एकच पीक नऊ-दहा महिने खांद्याला खांदा लावून उभं आहे. रोगाला याहून चांगलं बिऱ्हाड कुठं मिळणार?

पुन्हा भुरीकडे येऊ. काकडीवरची भुरी आणि ढोबळीवरची भुरी, नाव एकच असलं तरी वागणूक निराळी आहे. काकडीची बुरशी पानाच्या वर बसते, पावडर लावल्यासारखी. लवकर दिसते, बोटानं पुसताही येते. ढोबळीवरची बुरशी, तिचं शास्त्रीय नाव लेव्हेइलुला टॉरिका, ही पानाच्या पर्णरंध्रांतून आत शिरते आणि आतल्या पेशींमध्ये जाळं पसरते. तीन आठवड्यांपर्यंत पान वरून हिरवंगार राहू शकतं. मग त्याच रंध्रांतून ती आपले दांडे बाहेर काढते, त्यांच्यावर बीजाणू धरतात आणि आपल्याला पानाच्या खालच्या बाजूला पांढरं दिसू लागतं. तोवर शेजारच्या झाडांत दुसरी पिढी घुसलेली असते. पानावर नुसतं बसून राहणारं औषध आतल्या बुरशीपर्यंत पोचत नाही. पुढं पानं गळतात आणि उघडी पडलेली फळं उन्हानं भाजतात. रंगीत ढोबळी पूर्ण रंग येईपर्यंत झाडावर ठेवावी लागते, त्यामुळे हे भाजणं फार महागात पडतं.

मग भुकटीच्या आधी काहीच दिसत नाही का? दिसतं, पण शोधावं लागतं. खालची जुनी पानं उचलून उजेडासमोर धरली, तर वरच्या बाजूला फिकट पिवळसर, कडा न ठरलेला डाग असतो. खतांच्या कमतरतेचा पिवळेपणा शिरांच्या हिशेबानं येतो. हा तसा नसतो, कुठंही येतो. त्याच डागाच्या बरोबर खाली दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं, तर साध्या डोळ्यांना न दिसणारी पांढरी लव दिसते. हे चार-पाच दिवस आधी कळलं, तर दोन-तीन वाफ्यांतली खालची पानं काढून पिशवीत भरून बाहेर नेता येतात आणि फवारणी तेवढ्याच भागापुरती आटोपते.

लपून बसण्याची प्रत्येक रोगाची तऱ्हा वेगळी. स्ट्रॉबेरीवर करडी बुरशी येते, बोट्रायटिस. आपण महाबळेश्वरहून पेटी आणतो, वरचा थर लालचुटूक, आणि दुसऱ्या दिवशी एका फळावर राखाडी केस उगवलेले. आपण दुकानदाराला बोल लावतो. पुष्कळदा ती बुरशी फूल उमललं तेव्हाच आत गेलेली असते आणि कच्च्या फळात गप्प पडून राहते. फळ पिकलं, त्यात साखर आली, की ती उठते. इथं एक चाचणी मला फार आवडते, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. वरून निरोगी दिसणारी काही फळं किंवा देठ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे. गोठल्यामुळे पेशी मरतात, झाडाचा प्रतिकार संपतो. मग ओलसर कागद घातलेल्या बंद डब्यात बाहेर ठेवायचं. आत बुरशी लपलेली असेल, तर चार-सहा दिवसांत ती आपणहून वर येते. अमेरिकेत स्ट्रॉबेरीच्या आणि आलुबुखारासारख्या फळांच्या छुप्या रोगांसाठी या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे. फक्त घरच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमशेजारी हे प्रयोग करू नका, जुना डबा वेगळा ठेवा.

मातीतला रोग मात्र याहून बेरकी. मावळातल्या एका ताईंचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस मी जवळून पाहिलेलं आहे. यजमान कंपनीत नोकरीला, शेतीचा सगळा कारभार ताईंकडे. पहिलं पीक छान निघालं. दुसऱ्या पिकाला तिसऱ्या महिन्यात दोन वाफ्यांतली झाडं दुपारी मान टाकायला लागली. संध्याकाळी पुन्हा ताठ. शेजाऱ्यांनी सांगितलं, पाणी कमी पडतंय, वाढवा. दुकानातून सांगितलं, ही मर आहे, बुरशीनाशक मुळाशी सोडा. ताईंनी दोन्ही केलं. तीन आठवडे आणि बरेच पैसे गेले. पाणी वाढवल्यानं बाकीच्या वाफ्यांत मुळं गुदमरली, ते आणखी वेगळं.

मला बोलावणं आलं तेव्हा मी मान टाकलेलं झाड न उपटता त्याच्या शेजारचं, अगदी धडधाकट दिसणारं झाड मुळांसकट हलक्या हातानं खणून काढलं आणि बादलीतल्या पाण्यात मुळं धुतली. मुळांवर पोत ओवल्यासारख्या गाठी होत्या. सूत्रकृमी, शेतकऱ्यांच्या भाषेत निमॅटोड. डोळ्यांना न दिसणारा हा किडा मुळात शिरतो, मुळाला गाठ येते आणि एक मादी काहीशे अंडी घालते. आपल्याकडच्या उबदार मातीत महिन्याभरात त्यांची एक पिढी पुरी होते. पहिलं पीक चांगलं येतं तेव्हाच त्यांची संख्या मातीत वाढत असते. वर मात्र काही कळत नाही, कारण मिरचीला पाणी-खत वेळेवर मिळतंय, तोवर ती सोसते.

ताईंना ते पीक पाचव्या महिन्यात काढून टाकावं लागलं. बँकेचा हप्ता काही पाचव्या महिन्यात थांबत नाही. त्या वर्षी मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भावाकडून आणले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

निमॅटोड आले कुठून? पॉलिहाऊसचे वाफे बाहेरून आणलेल्या लाल मातीचे असतात. डंपरनं माती येते, तिच्यात आधी काय पिकत होतं हे कुणी विचारत नाही. पेरूच्या, डाळिंबाच्या किंवा वांग्या-भेंडीच्या रानातली माती असेल, तर पाहुणे सोबत यायचेच. रोपांच्या मुळांबरोबरही येतात. ताईंच्या बाबतीत नेमकं काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तिसऱ्या लागवडीच्या आधी त्यांनी जे केलं, ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. प्रत्येक वाफ्यातून पाच ठिकाणची, वीतभर खोलीवरची माती घेतली, एकत्र केली आणि वाफ्यागणिक एक कुंडी भरली. कुंडीवर वाफ्याचा नंबर. प्रत्येकीत काकडीचं बी. एक कुंडी नुसत्या कोकोपीटची, तुलनेसाठी. चार आठवड्यांनी रोपं काढून मुळं धुतली. काकडीच्या मुळांना निमॅटोडचं भारी प्रेम, गाठी लगेच दिसतात. अठरा वाफ्यांपैकी पाचांच्या कुंड्यांत गाठी निघाल्या. दोन वाफे आधीचे होतेच, उरलेले तीन वरून अगदी निर्दोष होते. मग मे महिन्यात माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक सहा आठवडे घट्ट अंथरलं, पाच वाफ्यांत मिरचीऐवजी झेंडू घेतला आणि निंबोळी पेंड टाकली. या सगळ्या तपासणीचा खर्च म्हणजे काकडीचं एक पाकीट आणि अठरा-एकोणीस कुंड्या.

मर म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यात जिवाणूंचाही एक रोग असतो. कोकणात आणि गोव्यात वांग्याला तो फार छळतो. तो ओळखायला काचेचा पेला पुरतो. खोडाचा जमिनीलगतचा तुकडा कापायचा आणि स्वच्छ पाण्यात, टोक बुडेल असा, न हलवता धरायचा. जिवाणू असतील तर काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधासारखे धागे पाण्यात उतरतात. बुरशीची मर असेल तर उतरत नाहीत. औषध आणण्याआधी हे बघून घेतलं तर निदान चुकीचं औषध तरी घरात येत नाही.

विषाणूंचं प्रकरण मात्र पेल्यानं आणि भिंगानं उलगडत नाही. एक गंमत सांगतो. जगात विषाणू म्हणून जो पहिल्यांदा ओळखला गेला, तो तंबाखूच्या पानावरच्या रोगाचा. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्कीनं आणि १८९८ साली हॉलंडमध्ये बायरिंकनं त्याच्यावर काम केलं. हाच विषाणू टोमॅटोला आणि मिरचीला लागतो आणि सुकवलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षं टिकून राहतो. आता आपल्याकडे मजूर तळहातावर तंबाखू मळतो, चिमूट ओठात धरतो आणि त्याच हातांनी टोमॅटोचे फुटवे खुडायला लागतो. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. झाडं आजारी दिसायला लागतात ती एक-दोन आठवड्यांनी, आणि दिसतात ती नेमकी खुडणी झाली त्याच क्रमानं. मी अशा ठिकाणी पहिल्यांदा खुडणीची वही मागतो. परदेशात मजूर हात दुधात बुडवून कामाला लागतात, साय काढलेल्या दुधात. दुधातली प्रथिनं विषाणूचा प्रसार रोखतात, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे हे सांगितलं की लोक हसतात. दूध नको असेल तर साबणानं खसखसून हात धुवा आणि तंबाखूची पुडी दाराबाहेर ठेवा, एवढं तरी करता येईल.

याच कुळातला एक नवा विषाणू २०१४ साली इस्रायलमधल्या टोमॅटोवर दिसला. टोमॅटोच्या जातींमध्ये कित्येक दशकं टिकलेली प्रतिकारशक्ती त्यानं निकामी केली. २०१९ साली तो हॉलंडच्या काचघरांत पोचला आणि त्याच वर्षी युरोपीय संघानं बियाणं आणि रोपांवर तातडीचे निर्बंध घातले. बियाण्यातून, हातांतून, कात्रीतून पसरणारा विषाणू डोळ्यांना दिसण्याची वाट पाहणं परवडत नाही, म्हणून तिथं बियाण्याचीच चाचणी होते. कोरोनाच्या काळात ज्या आरटी-पीसीआर चाचणीचं नाव घराघरांत पोचलं, तीच चाचणी हिरव्यागार पानातलाही विषाणू सांगते. आपल्याकडे केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली प्रमाणीकरणाची पद्धत सुरू केली. तिच्यात मातृवृक्षांची विषाणूंसाठी तपासणी होते. भाजीपाल्याच्या रोपांच्या ट्रेबरोबर असा कागद मला क्वचितच पाहायला मिळाला आहे. मागणारेही फारसे भेटले नाहीत.

निदान वेळेवर झालं नाही की रिकामी जागा अफवा भरून काढते. २०२० च्या उन्हाळ्यात, ऐन टाळेबंदीत, जुन्नर-संगमनेर भागात टोमॅटोची फळं धड पिकेनात. लाल, पिवळे, हिरवे पट्टे पडू लागले. लोकांनी नावच ठेवलं 'तिरंगा'. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले. अहवाल येईपर्यंत, हा विषाणू माणसालाही धोकादायक आहे, अशी चर्चा पसरली आणि लोक टोमॅटोला हात लावेनात. अहवालात काकडीवरच्या मोझॅक विषाणूसारखे, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नेहमीच्या ओळखीचे विषाणू निघाले. झाडांचे असे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत. ढोबळी मिरचीवरचा एक सौम्य विषाणू तर आपण सगळे नकळत खात असतो. तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, २००६ साली संशोधकांना तो माणसाच्या विष्ठेत मोठ्या प्रमाणात सापडला आणि आता पाण्यात सांडपाणी मिसळलं आहे का, हे तपासायला त्याचाच उपयोग करतात! रोग मिरचीला, बातमी सांडपाण्याची.

तुम्ही म्हणाल, आता यंत्रं आली, मोबाइल आला, भिंग कसलं घेऊन बसलात? यंत्रं मी वापरतो. उष्णता दाखवणारा कॅमेरा घ्या. आजारी पानाची रंध्रं मिटली, की त्याचं बाष्पीभवन थांबतं आणि पान शेजारच्या पानापेक्षा एखाददुसऱ्या अंशानं गरम होतं. कॅमेऱ्यात ते वेगळ्या रंगात दिसतं, डाग पडण्याच्या आधी. पण ठिबकचं तोंड बुजलं असेल, तरीही पान गरमच होतं. ताप आहे एवढं कळतं, कशाचा ते नाही. वासाचंही तसंच. विषाणू लागलेली तंबाखूची झाडं हवेत एक द्रव्य सोडतात, मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमाला ज्याचा वास असतो तेच. हॉलंडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात टोमॅटोच्या काचघरातली हवा तपासून रोग ओळखता येईल का, यावर काम झालं आहे. अडचण अशी, की नुसती पानं खुडली तरी टोमॅटोचं झाड वास सोडतं.

आणि मोबाइलवरच्या फोटोचं म्हणाल, तर २०१६ साली अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पानांच्या ५४ हजारांहून अधिक छायाचित्रांवर संगणकाला शिकवलं. त्याच संचातली न पाहिलेली छायाचित्रं दिल्यावर त्यानं शंभरातली नव्याण्णव बरोबर ओळखली. इतर ठिकाणची छायाचित्रं दिल्यावर जेमतेम एकतीस. त्यानंतर त्यात पुष्कळ सुधारणा झाली आहे. पण एक गोष्ट सुधारण्यासारखी नाहीच. फोटो काढण्यासारखा डाग पडला, म्हणजे लपलेला काळ संपलेला असतो.

म्हणून मी पाहण्याच्या रीतीवर अडून बसतो. अडीच हजार झाडांतली शंभरात एक, म्हणजे पंचवीस झाडं आजारी आहेत असं धरा. तुम्ही सहज फिरून वीस झाडं पाहिलीत. हिशेब केला तर शंभरातल्या ८२ वेळा तुम्हाला एकही आजारी झाड दिसणार नाही आणि तुम्ही "सगळं ठीक आहे" म्हणून बाहेर याल. शंभरात ९५ वेळा पकडायचं असेल, तर तीनशे झाडं पाहावी लागतात. दहा सेकंदांना एक झाड म्हटलं तर पन्नास मिनिटं. आठवड्यातून एकदा, सकाळी, पानं ओली असताना. केवडा असेल तर तो सकाळीच पानाखाली करडा दिसतो, उन्हं वर आली की ओळखू येत नाही.

शिवाय रोग काही चिठ्ठ्या टाकून झाड निवडत नाही. दाराजवळची झाडं, प्लॅस्टिक फाटलं आहे तिथली, पन्हळीतून थेंब गळतात त्याखालची, ठिबकच्या नळीच्या शेवटची, आणि नवी रोपं आणून ठेवतात तो कोपरा. आधी हे पाहा. निळ्या चिकट सापळ्यांवरचे फुलकिडे दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. एका फुलकिड्यानं पिल्लू असताना विषाणू घेतला, की तो मरेपर्यंत वाटत फिरतो. तेव्हा आकडा वाढला, तर झाडं हिरवी असली तरी काळजी सुरू करायची. अमेरिकेतले फुलउत्पादक तर पेटुनियाची रोपं मधेमधे ठेवतात. फुलकिड्यानं विषाणू आणला असेल, तर तिच्या पानावर काही दिवसांतच काळपट ठिपके पडतात, मुख्य पिकाच्या कितीतरी आधी.

यात आपल्या ताटाचाही संबंध आहे. रंगीत ढोबळीची तोडणी एकदा सुरू झाली की दर आठ-दहा दिवसांनी होते. प्रत्येक औषधाच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत काही दिवस थांबायचं असतं, ते डब्यावर छापलेलं असतं. रोग लवकर सापडला तर दोन वाफ्यांवर फवारून त्यांची तोडणी मागं ठेवता येते. उशिरा सापडला तर अख्ख्या घरावर, आणि पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. गाडी तर परवा सकाळी माल न्यायला येणार असते. अशा वेळी डब्यावरचे दिवस पाळले जातील, अशी खात्री मला देता येत नाही.

शेवटी नमुन्याविषयी. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत लोक पूर्ण वाळलेलं झाड ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवतात. पोचेपर्यंत त्याचं लोणचं होतं आणि वर कुजवणाऱ्या बुरशीशिवाय त्यात काही सापडत नाही. तीन झाडं पाठवा: एक आजारी, एक नुकतंच आजारी पडू लागलेलं, आणि त्याच्या शेजारचं चांगलं दिसणारं. मुळं मातीसकट वेगळ्या पिशवीत बांधा, पानं कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. सोबत चिठ्ठी ठेवा: लागवड केव्हाची, रोपं कुठली, शेवटची तीन औषधं कोणती. आणि शनिवारी पाठवू नका. रविवारभर ते पुडकं कुरिअरच्या कपाटात शिजत पडतं.